न पिण्याची वही

१
नव्या माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी वही द्यायची नसते. रोज भरपूर पिणारा एकदम थांबला की काही तासांत हात थरथरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भास, बडबड, घाम, ताप. वेळेवर औषध मिळालं नाही तर जीवही जाऊ शकतो. हे दिवस डॉक्टरांचे आणि थायमिनच्या इंजेक्शनचे. पेन त्यानंतर.

२
पहिलं पान बहुतेकांचं ओळखू येतं. शिरोरेघ अक्षरांना सोडून वर गेलेली, 'म' आणि 'भ' एकच झालेले, ओळ उजवीकडे घसरलेली. पंधरा दिवसांनी तोच माणूस तीच वही मागे उलटून पाहतो, तेव्हा त्याला काही सांगावं लागत नाही.

३
यकृत पार बिघडलेल्या रुग्णाला काही डॉक्टर रोज कागदावर सही करायला लावतात, पाच टोकांची चांदणी काढायला लावतात. यकृताने न गाळलेली द्रव्यं मेंदूवर चढू लागली की चांदणीची टोकं जुळेनाशी होतात. माणूस तेव्हा नीट बोलत असतो, घरच्यांना ओळखत असतो. कागदावर आधी कळतं.

४
एका वहीतली नोंद, मालकाच्या परवानगीने:

'मंगळवार. सं. ६.४०. बसस्टँडमागची गल्ली. जुना सोबती भेटला, चल म्हणाला. तलफ ८. नाही म्हटलं. चहा, दोन समोसे. ७.१० ला तलफ ३. घरी.'

दारू सुटून मला बरीच वर्षं झाली. या काळात कितीतरी वह्या पाहिल्या, आणि यापेक्षा चांगली नोंद कुणाच्या वहीत वाचल्याचं आठवत नाही. वेळ, जागा, माणूस, तलफेचा दहापैकी आकडा, काय केलं, नंतरचा आकडा. त्यातले समोसे सोडून देऊ नयेत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये, म्हणजे ए.ए.त, नव्या माणसाला तलफ आली की आधी चार गोष्टी तपासायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. याने न शिकवता पहिली भागवली.

५
६.४० ते ७.१०. अर्धा तास.

पिणाऱ्याला ठाम वाटत असतं की तलफ पेल्याशिवाय जात नाही. वाटणारच, कारण ती उतरेपर्यंत तो कधी थांबलेलाच नसतो. अ‍ॅलन मार्लाट हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रुग्णांना सांगायचा की तलफेशी झोंबू नका, लाटेकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहत राहा. चढते, फुटते, ओसरते. हे ऐकून कुणाला पटत नाही. स्वतःच्या अक्षरात दोन वेळा आणि दोन आकडे दिसले की पटतं.

६
१ एप्रिल २०१५: चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू.
२७ मे २०२१: मंत्रिमंडळाने ती उठवली.

एका गृहस्थांच्या वह्यांमध्ये दोन्ही तारखांची पानं आहेत. दोन्हीवर एकच नोंद: 'आज नाही.'

७
गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून आहे. आधी गावोगावच्या बायका उठल्या, शेकडो गावांनी ठराव केले, मग सरकारने निर्णय घेतला. चंद्रपूरची बंदी उठल्यापासून वैनगंगेच्या एका काठाला एक कायदा, दुसऱ्या काठाला दुसरा. गडचिरोलीहून चंद्रपूरच्या एसटीत बसलं की थोड्याच वेळात पूल येतो. त्या बाजूच्या माणसाला मी सांगतो, पूल ओलांडताना काय वाटलं तेवढं रोज लिही. उतरायचं की नाही ते पुलावरच ठरत असतं.

८
लांबलचक लिहिणाऱ्यांची मला काळजी वाटते. शिक्षक, वकील, कीर्तनात बसणारे, भाषा हाताशी असलेले. त्यांच्या नोंदी दोन-दोन पानं जातात, आणि त्यातलं दीड पान कारणांचं असतं. साहेब कसा वागला, भावाने वाटणीत काय केलं, बायको काय बोलली. वाचता वाचता आपल्यालाच वाटू लागतं की या माणसाने प्यायला हवी होती. म्हणून वहीत 'कारण' हा रकाना ठेवत नाही. वेळ, जागा, कोण सोबत, खिशात किती पैसे. पैशाचा रकाना एका वेल्डरने सुचवला. तो माझ्या कुठल्याही रकान्यापेक्षा कामाचा निघाला.

९
मार्लाट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सोडून पुन्हा प्यायला लागलेल्यांच्या हकिगती तपासल्या होत्या. जवळजवळ तीन चतुर्थांश वेळा कारण तीनांतलं एक निघालं: मन खाली गेलेलं, कुणाशी भांडण झालेलं, किंवा कुणी आग्रह केलेला.

आमच्याकडच्या वह्यांतली यादी: धानाचे चुकारे. तेंदूपत्त्याचे पैसे. खाणीतला पगार. मंडई. शंकरपट. लग्न. मयत, आणि मयतीनंतरची रात्र. पोळ्याची कर.

१०
मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. पहाटे अंधारात बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, ऊन चढायच्या आत वेचून आणतात, अंगणात वाळत घालतात. मोह खातात, विकतात, अडचणीच्या महिन्यांसाठी साठवतात. बियांचं तेल काढतात. पूजेलाही तो लागतो. जिल्ह्याबाहेरचा माणूस मोह म्हटलं की फक्त बाटली डोळ्यांपुढे आणतो, ते चूक आहे.

तरीही वाळत्या मोहाचा वास हा वास आहे. धानोऱ्याकडच्या एकाची एप्रिलमधली नोंद: 'अंगणात मोह. तलफ ९. सासरी जातो म्हणून सांगितलं. सायकल काढली.' पुढचं पान रिकामं. त्यापुढचं: 'परत आलो. मोह विकला. २.'

११
१९८६ या एका सालातल्या तीन गोष्टी.

अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेचं काम गडचिरोलीत उभं राहिलं.

पुण्यात २९ ऑगस्टला 'मुक्तांगण' सुरू झालं. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैसे देऊ केले, डॉ. सुनंदा (अनिता) अवचटांनी केंद्र चालवलं.

अमेरिकेत जेम्स पेनबेकर आणि सॅन्ड्रा बील यांचा एक निबंध छापून आला. कॉलेजातल्या मुलांना त्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं होतं. काहींनी वरवरच्या गोष्टींवर लिहायचं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या गोष्टीवर. दुखरं लिहिणारे उठताना अधिक उदास होते. पुढच्या महिन्यांत मात्र त्यातले जे घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहीत होते, ते दवाखान्यात कमी गेले.

१२
पेनबेकरनंतर असे बरेच प्रयोग झाले. परिणाम कुठे दिसतो, कुठे नाही. दिसतो तेव्हाही छोटा. व्यसनाच्या बाबतीत तर आणखी सांभाळून. माझं मत: पहिल्या काही महिन्यांत जुनी जखम वहीत उकरू नये. रात्री एकट्याने खोलीत बसून बापाच्या माराबद्दल लिहायचं आणि मग दिवा मालवून झोपायचं, हे दारू सुटून महिना झालेल्या माणसाला झेपत नाही. ते लिहायचंच आहे, पण पुढे कधीतरी, दुपारी, आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी जागं असताना.

१३
गावातल्या दारूवाल्याकडेही वही असते. उधारीची. पानाच्या डोक्यावर गिऱ्हाइकाचं नाव, खाली तारखा, पव्वे, रक्कम. सोडलेल्या एका माणसाने उधारी फेडताना ते पान मागून घेतलं. आता ते त्याच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेलं आहे. त्याच्या पिण्याची एवढी नेटकी नोंद दुसऱ्या कुणी ठेवलेली नव्हती.

१४
कायद्याने महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. १९४९ चा कायदा.

१५
डिसेंबर २०१०. पारोमिता गोस्वामी आणि त्यांची 'श्रमिक एल्गार' ही संघटना यांच्यासोबत हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या. मागणी चंद्रपूर जिल्ह्याच्या दारूबंदीची. अशा मोर्च्यांतल्या निवेदनांवर सह्यांच्या शेजारी अंगठे असतात. निळी शाई, बोटाच्या रेषा, कडेला कुणीतरी लिहिलेलं नाव.

१६
गावात दुकान नको असेल तर मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली, आडवी बाटली. आडवीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही यात काही विचारावं लागत नाही.

१७
वाचता-लिहिता न येणाऱ्याची वही.

एटापल्ली, भामरागडकडे माडिया बोलणारी वयस्क माणसं आहेत, त्यांच्या हाती पेन कधी आलंच नाही. 'लिहून काढ' हा सल्ला तिथे ऐकवण्यात अर्थ नाही. पण भिंतीवर कालनिर्णय असतो. त्यात दुधाचे लिटर, सिलिंडरची तारीख, पोराच्या शाळेची सुट्टी हे सगळं बायका मांडतच असतात. एका घरी मी पाहिलं, म्हाताऱ्याच्या प्रत्येक कोरड्या दिवसावर नात संध्याकाळी पेन्सिलने गोल काढते. आधी विचारते, "आजा, आज?" म्हातारा म्हणतो, "नाई पेलो." मग गोल. ज्या दिवशी तो गप्प बसला त्या चौकटीत काही नाही. तिने फुली मारलेली नाही, शाईने काही लिहिलेलं नाही. ती चौकट तशीच सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं आहे.

या पोरीकडून मी खूप शिकलो. पुढे नव्यांच्या वहीतून मी 'किती प्यालो' हा रकाना काढून टाकला.

१८
ए.ए.ची सुरुवात १९३५ ची, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी. एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे. १९३९ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्यात चौथ्या पायरीसाठी एक तक्ता छापला आहे. तीन रकाने: कुणावर राग आहे, कशामुळे, आणि माझ्या कशाला धक्का लागला. पैसा, अभिमान, घर, सुरक्षितता.

बारा पायऱ्यांपैकी चौथी आणि आठवी तर सरळ यादीच्या आहेत. आठवीत ज्यांना दुखावलं त्यांची नावं लिहायची. दहावीत हा हिशेब चालू ठेवायचा. पाचवीत चौथीतलं सगळं एका माणसासमोर बोलायचं.

पाचवी गाळून चौथीवरच थांबलेले बरेच असतात. त्यांची यादी कपाटात असते.

१९
ऐकणारा कोण असावा? बायको नव्हे, निदान सुरुवातीला नाही. तिने पुष्कळ ऐकलेलं असतं, आणि यादीत तिचंच नाव वर असतं. भाऊ नव्हे. ए.ए.त स्पॉन्सर असतो, म्हणजे नव्याला साथ देणारा जुना सदस्य. गडचिरोलीत 'मुक्तिपथ'ची तालुका क्लिनिकं आहेत. 'सर्च', सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ मध्ये हे काम सुरू केलं. तिथला समुपदेशक चालेल. कुठेच काही नसेल तर ज्याच्यासमोर रडलं तरी गावभर होणार नाही असा कुणीही.

२०
वही घरात कुठे ठेवायची हा खरा प्रश्न आहे. धानाच्या कोठीमागे. मोटारसायकलच्या डिकीत. देव्हाऱ्याखाली. एकजण दुकानातल्या गल्ल्यात ठेवतो, कारण तिथे दुसरं कुणी हात घालत नाही. एकाच्या मुलीने वही वाचली आणि शेवटच्या पानावर लिहिलं, 'बाबा, समासाच्या बाहेर लिहू नका.' त्याला त्या दिवशी काहीच लिहिता आलं नाही.

२१
आपल्या वहीचा कागद कुठून आला असेल? बल्लारपूरची कागद गिरणी चंद्रपूर जिल्ह्यातली. तिला वर्षानुवर्षं बांबू गेला तो इथल्याच जंगलांतून.

२२
मेंढा (लेखा), तालुका धानोरा. 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आमचंच राज्य, म्हणणारं गाव. बांबूसह सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मान्य झाला. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल ही नावं त्यामुळे सगळ्यांना माहीत झाली. पण जंगलाच्या कितीतरी आधी गावाने दारूचा विषय घेतला होता. बायकांनी काढला. मतदान नाही, सर्वसहमती. एकाचाही विरोध असला की चर्चा पुढच्या बैठकीत. देवाच्या कामाला लागणाऱ्या दारूचं काय, हाही प्रश्न टाळला नाही, बसून सोडवला.

घरातल्या माणसांनी असं बसून ठरवलेलं मी फार कमी पाहिलं आहे. बहुतेक घरांत दारू सोडण्याचा निर्णय रात्री साडेअकराला, ओरडून झालेला असतो.

२३
ब्लॅकआऊटच्या रात्रीचं काय लिहायचं? काही नाही. त्या तासांत मेंदूने आठवण साठवलेलीच नसते, त्यामुळे ताण देऊन ती वर येत नाही. दुसऱ्यांकडून ऐकलेलं आपलं म्हणून लिहू नये. वर्षानुवर्षं पिऊन थायमिनचा तुटवडा झालेल्या काहींना पुढे एक आजार होतो, रशियन डॉक्टर कोर्साकोव्हने एकोणिसाव्या शतकात त्याचं वर्णन केलं: आठवणीतल्या मोकळ्या जागा माणूस कल्पनेने भरतो आणि त्याला स्वतःला ते खरं वाटतं.

म्हणून नियम एकच. आठवत नसेल तर तारीख घालून ओळ कोरी ठेवायची.

२४
रा. ग. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले, नागपूरपासून जवळच. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं ते त्यानंतर. नाटक म्हटलं की लोकांना सिंधूचे हाल आणि तळीरामाचे विनोद आठवतात. नायक सुधाकर मध्ये एकदा दारू सोडतो, हे पुष्कळांच्या लक्षात नसतं. सोडतो, काम शोधत फिरतो, आणि पुन्हा पितो. माझ्या मते नाटकातला सगळ्यात खरा भाग तो आहे. त्या दिवसांत सुधाकर कुणाशी बोलत होता, रात्री काय करत होता?

२५
दिवाळीनंतर वडशाहून झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या निघतात. रात्रभर नाटक, पहाटे परतीची वाट. एका तबलजीची वही आहे. प्रत्येक पानावर गावाचं नाव, खाली मध्यंतराची वेळ आणि 'मध्यंतरात काय केलं'. तलफ त्याला नेमकी तेव्हाच येते. मंडपामागे कुणीतरी बाटली घेऊन उभं असतंच. तो मध्यंतरभर तबला सुरात लावत बसतो. लागलेला असला तरी.

२६
दारू सुटली आणि खर्रा वाढला. जवळजवळ प्रत्येक वहीत हे कधी ना कधी येतं. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत तो पोरांच्याही खिशात सापडतो. 'निदान दारू तर नाही' असं घरचेही म्हणतात. तोंड पूर्ण उघडत नाही असे तरुण डॉक्टरांकडे येतात तेव्हा कुणी तसं म्हणत नाही. वहीत खर्र्याचाही रकाना असावा. सोडायला आज सांगू नये, मोजायला आजच सांगावं.

२७
पाय घसरला, म्हणजे ए.ए.तल्या भाषेत 'स्लिप' झाली, तर वही फाडायची नाही.

फाडावीशी वाटते. नवी वही, नवा पहिला दिवस, स्वच्छ पान. मार्लाटने या मनःस्थितीबद्दल लिहिलं आहे: नियम एकदा मोडला की 'आता मोडलाच आहे तर' म्हणत माणूस पूर्ण वाहून जातो. एक पव्वा होतो तो नियम मोडल्याने, पुढचे चार होतात ते मोडल्याच्या शरमेने. जुनी पानं फाडली की कमावलेले दिवसही त्यांच्याबरोबर जातात. ते दिवस खरे होते. ज्या पानावर स्लिप लिहिली, त्याच पानावर दुसऱ्या दिवसाची तारीख घालावी.

मी पाहिलेल्या वह्यांत सगळ्यात धीराची ओळ अशी: 'काल झाली. सकाळी साडेनऊला क्लिनिकला आलो. बाकावर बसून लिहितोय.'

२८
पत्रं. आईला, बायकोला, वारलेल्या वडिलांना, विकलेल्या बैलजोडीला. टपालात टाकायची नसतात. बैलांना लिहिणारा शेतकरी वाचून दाखवताना दोघांचीही नावं घेऊन थांबला. कुणी बोललं नाही. बाहेर ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याची शिट्टी बराच वेळ वाजत राहिली. मग त्याने उरलेलं पत्र वाचलं.

२९
वही किती वर्षं लिहायची, असं विचारतात. मला नाही माहीत. मी लिहितो अजून. हल्ली नोंदी फार छोट्या झाल्या आहेत, बहुतेक दिवस एका ओळीचे. हिवाळ्यात एका नातलगाच्या तेराव्यानंतर तीन पानं झाली. त्या आठवड्यात ती नसती तर काय झालं असतं, याचा मला चांगला अंदाज आहे.

३०
पोळा जवळ आलाय. बैल सजतील, तोरण तुटेल, संध्याकाळपासून घराघरात बोलावणी. खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी, करीला. सगळं गाव मोकळं आणि सुट्टीवर.

नव्या लोकांना आजच लिहायला बसवलं. करीच्या दिवशी सकाळी कुठे असाल. दुपारी कुठे. जेवण कुणाकडे. कोण आग्रह करणार, त्याचं नाव. त्याला काय उत्तर देणार, ते अवतरणचिन्हात, जसंच्या तसं. खिशात किती पैसे. फोन कुणाला, नंबर. एकजण म्हणाला, "उत्तर सुचत नाही जी." बाकीच्यांनी सुचवलेली त्याने सगळी लिहून घेतली: 'गोळी चालू आहे.' 'डॉक्टरने मना केलं.' 'पोरगी सोबत आहे.' 'नको.' त्यातलं शेवटचं त्याने दोनदा लिहिलं, आणि मीटिंग करीला किती वाजता आहे ते विचारलं. सातला.